व्यसन कोणास म्हणावे? एका बोलपटावरून पाठ

वाचकहो, व्यसन हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे दारूचा गुत्ता उभा राहतो. तेथे जातो तो व्यसनी व जात नाही तो निर्व्यसनी, असा आपला सोपा हिशेब असतो. हा हिशेब किती अपुरा आहे हे ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ या अमेरिकन बोलपटावरून चांगले कळून येते. ‘रेक्विएम’ म्हणजे मृतांकरिता करावयाची उपासना. तेव्हा या नावाचा अर्थ ‘एका स्वप्नाचा अंत्यविधी’ असा समजावा. ह्यूबर्ट सेल्बी यांच्या १९७८ सालच्या कादंबरीवरून डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की यांनी तो २००० साली तयार केला. त्यातील कित्येक दृश्ये भयंकर आहेत व मुलांना दाखविण्याजोगी नाहीत. म्हणून त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगून तिजपासून काय शिकावे हे पाहू.

१. चार माणसे

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, समुद्रकाठी, सारा गोल्डफार्ब नावाची वृद्ध विधवा एकटी राहते. तिचा पुत्र हॅरी, त्याची प्रेयसी मेरियन व मित्र टायरोन हे तिघे हेरॉईनच्या, म्हणजे अफूपासून केलेल्या मादक द्रव्याच्या, नादी लागलेले आहेत. आरंभीच हॅरी आईचा टेलिव्हिजन गहाण टाकण्यास ओढून नेतो, आणि आई पैसे भरून तो सोडवून आणते. हे पूर्वीही घडलेले असते. पाहणाऱ्यास वाटते, मुलगा व्यसनी आणि आई बिचारी.

२. आईची गोळी

एके दिवशी साराला फोन येतो की, टेलिव्हिजनवर दिसण्यासाठी तिची निवड झाली आहे. मुलाच्या शाळेच्या समारंभात घातलेला लाल झगा पुन्हा अंगात यावा म्हणून ती बारीक होऊ पाहते. पथ्य साधत नाही, तेव्हा एक डॉक्टर तिच्याकडे धड न पाहताच गोळ्या लिहून देतो. त्या अँफेटामीन जातीच्या असतात. या औषधाने भूक मरते, झोप उडते व अंगी नसलेले बळ आल्यासारखे वाटते. परंतु शरीराला सवय जडली की तेवढ्याने भागत नाही. आणि मात्रा वाढली की नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. घरातला फ्रिज आपल्यावर चालून येत आहे असे साराला भासते.

लक्षात घ्या, तिने चोरी केली नाही, कायदा मोडला नाही. शेजारणी तर तिचे कौतुकच करतात. तरीही बोलपटकर्त्याने मुलाचे द्रव्य व आईची गोळी ही दोन्ही एकाच तऱ्हेच्या झटपट चित्रांनी दाखविली आहेत.

३. व्यसनाचे मूळ

सर्वांत मोलाचे दृश्य असे: आई दात खात बोलत आहे हे पाहून हॅरी गोळ्यांचा प्रकार ओळखतो व त्या सोडण्यास तिला विनवितो. ती सांगते की पती गेला, मुलगा दूर झाला, काळजी घ्यावी असे घरात कोणी उरले नाही. टेलिव्हिजनवर दिसण्याच्या आशेनेच सकाळी उठावेसे वाटते. परत जाताना हॅरी गाडीत रडतो, आणि ते दुःख बुजविण्यासाठी हेरॉईन घेतो. जी वाट आईसाठी घातक म्हणून त्याने ओळखली, त्याच वाटेने तो स्वतः जातो. वस्तू निरनिराळ्या, पण ज्या रित्या जागी त्या ओतल्या जातात ती जागा एकच.

४. शेवट

कथेचे भाग तीन: उन्हाळा, पानगळ व हिवाळा. वसंत येत नाही. सुईने नासलेला हॅरीचा हात कापावा लागतो. टायरोन तुरुंगात कष्ट उपसतो. मेरियन देह विकते. साराला इस्पितळात विजेचे झटके देतात. येथे एक सूचना अवश्य आहे. हा उपचार आज रोग्याला भूल देऊन करतात व तीव्र उदासीनतेत त्याचा गुण येतो. म्हणून बोलपट पाहून कोणी इस्पितळास भिऊ नये. व्यसन हा उपचाराने आवरणारा आजार आहे. या चौघांपैकी कोणालाही मात्र वेळेवर योग्य उपचार लाभत नाही.

शेवटी दोन शेजारणी साराला इस्पितळात भेटतात आणि बाहेर बाकावर एकमेकींना धरून रडतात. त्यांचा कळवळा खरा आहे, पण तो उशिरा आला. घरोघर भेटी देणाऱ्या उपदेशक बंधूंनी हे मनात ठेवावे. गुत्त्याच्या वाटेवर डोळा ठेवणे सोपे आहे. जिचा दरवाजा कोणी ठोठावीत नाही अशा म्हातारीजवळ घटकाभर बसणे हे अधिक गरजेचे काम होय.

विचारासाठी प्रश्न

१. साराने कायदा मोडला नाही. तरी तिला व्यसनी का म्हणावे?
२. हॅरीला आईचे दुःख कळले. मग तो तिच्याजवळ का थांबला नाही?
३. आपल्या वस्तीत असे कोणाचे घर आहे, जेथे महिनाभरात कोणी गेले नाही?