खेळ हाच बालकाचा पहिला अभ्यास

"खेळून काय मिळणार? अभ्यासाला बस!" हे वाक्य अनेक घरांतून रोज ऐकू येते. परंतु बालकाच्या दृष्टीने खेळ हाच पहिला अभ्यास होय. आई पदराआड तोंड लपवून 'कुक' करते, तेव्हा दिसेनासे झालेले माणूस नाहीसे होत नाही, हे बाळाला उमजते. सागरगोटे झेलताना हात व डोळे यांचा मेळ बसतो, लंगडीत तोल साधतो, भातुकलीत भाषा वाढते. सापशिडीत हार पचवण्याची सवय लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. त्यांपैकी ६० मिनिटे तरी धावपळीची असावीत.

पालकांनी रोज अर्धा तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवून मुलांसोबत खेळावे. खेळ मुलानेच निवडावा. खेळताना मोकळे झालेले मूल शाळेतली भीतीही सांगून टाकते. मात्र चिंचोके, मणी ३ वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. आणि खेळकर मूल एकाएकी खेळेनासे झाले, तर त्याला आळशी न म्हणता डॉक्टरांना दाखवावे.