रात्रविरामाचा प्रश्न आणि खेळाडूंच्या सूचना : अनुभवाचे बोल

वसाहती वसवण्याच्या ऑनलाइन खेळांत सुधारणा सुचवणाऱ्या खेळाडूला दाद मिळेलच याची शाश्वती नसते. परंतु सूचना ढिसाळपणे मांडली गेली, तर ती निकालात काढण्याचे निमित्त चालकांच्या हाती आयतेच पडते, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवान्ती बनलेले मत आहे. २००४ साली जर्मनीत सुरू झालेला ट्रॅव्हियन हा या प्रकारातील सर्वपरिचित खेळ असून लाकूड, माती, लोखंड व धान्य या चार साधनांवर त्यातील गावे वाढतात, सैन्य तासागणिक धान्य खाते, आणि खेळाडू झोपला तरी खेळ थांबत नाही. पुढील तक्रार मात्र त्या खेळाविषयी नसून त्याच जातीच्या, येथे नाव न घेतलेल्या दुसऱ्या एका खेळाविषयी आहे.

त्या खेळात रात्रविराम, म्हणजे ज्या तासांत कोणाच्याही गावाची लूट होऊ शकत नाही असा काळ, मध्य युरोपातील सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ठेवलेला होता. हिवाळ्यात भारतीय वेळ त्या घड्याळाच्या साडेचार तास पुढे असते. त्यामुळे भारतात हा विराम पहाटे साडेचारला सुरू होऊन सकाळी साडेदहाला संपे, आणि तिकडे रात्री आठ ते अकरा या वेळेत खेळाडू हल्ले करण्यात गुंतलेले असताना इकडे साडेबारा ते साडेतीनची गाढ झोपेची वेळ असे. सकाळी उठावे तो कोठारे रिकामी, तटबंदी ढासळलेली आणि धान्य संपल्यामुळे उरलेसुरले सैन्यही उपासमारीने मरत असलेले, हा भारतीय खेळाडूंचा नित्याचा अनुभव होता.

यावर उपाय म्हणून प्रत्येकाला विरामाचे आपले सहा तास निवडू द्यावेत, निवडलेल्या तासांत स्वतःलाही हल्ला पाठवता येऊ नये, आणि निवड बदलल्यास तो बदल सात दिवसांनी लागू व्हावा, म्हणजे विरामाआड दडून डाव साधता येणार नाही, अशी सविस्तर सूचना लेखकाने लढायांच्या अहवालांसह केली होती. तिला ‘हे पूर्वीच विचारात घेतलेले आहे’ असे एका ओळीचे उत्तर देऊन विषय बंद करण्यात आला. काही महिन्यांनी नेमकी हीच सोय, सात दिवसांच्या अटीसकट, पैसे देऊन विकत घ्याव्या लागणाऱ्या सुवर्णनाण्यांच्या मोबदल्यात खेळात अवतरली, तेव्हा सूचना समजली नव्हती असे नव्हे, तर ती पुरती समजली होती, हे उघड झाले. नाकारणे हा चालकांचा अधिकार आहे. परंतु नाकारलेली गोष्ट श्रेय न देता विकायला काढणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि त्याला दुसरे नाव नाही.

या अनुभवावरून इतरांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका सूचनेत एकच मागणी असावी, कारण दोन असल्यास दुबळ्या मागणीला उत्तर देऊन सबळ मागणी बाजूला सारली जाते. तक्रारीतील प्रत्येक घटनेपुढे सर्व्हरची आणि स्थानिक अशा दोन्ही वेळा लिहाव्यात, अन्यथा अडचण कोणाची आहे हेच वाचणाऱ्याला उमगत नाही. सुचवलेल्या सोयीचा गैरवापर कोण व कसा करील, हे आधीच लिहून त्यावरचा उपायही द्यावा. भाषा सौम्य ठेवावी आणि धीर धरावा, हे सर्वांना ठाऊक असते, तरीही सांगणे भाग आहे. मूळ सूचना व आलेले उत्तर तारखेसह स्वतःजवळ जपून ठेवावे. चालकांच्या नोंदी चालकांच्याच ताब्यात असतात आणि त्या केव्हाही नाहीशा होऊ शकतात.

सूचना फुकट मागणाऱ्या आणि सोय विकणाऱ्या खेळात सुवर्णनाण्यांवर एक पैसाही खर्च करू नये. चालकांपर्यंत हमखास पोहोचणारी सूचना हीच एक आहे.