वनभ्रमण : चालण्याचा, पाहण्याचा आणि जपण्याचा पाठ

परभणी जिल्ह्याची ओळख काळ्या कसदार जमिनीने झाली आहे. कापूस, ज्वारी, तूर आणि सोयाबीन यांच्या शिवारात वाढलेल्या आपल्या मुलांना पीक ओळखता येते, ढग ओळखता येतात, बैलाची नजर ओळखता येते. परंतु वन मात्र त्यांच्या अनुभवात क्वचितच असते. राज्यातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याची गणना होते. जिंतूर तालुक्यातील डोंगर, नेमगिरीचा परिसर आणि पूर्णेवरील येलदरी जलाशयाचा काठ एवढाच काय तो रानाचा सहवास आपल्याला जवळ लाभतो. म्हणूनच निवासी शाळेतील विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी खऱ्या वनात पायी फिरावे, असे आम्हांस वाटते. हे फिरणे केवळ करमणूक नव्हे. तो भूगोल, इतिहास, विज्ञान आणि शील या चारही विषयांचा एकत्र पाठ आहे. प्रस्तुत लेखात हा पाठ कसा घ्यावा, याचा विचार केला आहे.

१. वन आणि धम्म

भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रत्येक मोठा प्रसंग वृक्षांच्या सान्निध्यात घडला. जन्म लुंबिनीच्या वनात, संबोधी पिंपळाखाली, पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदायात आणि महापरिनिर्वाण कुशिनारा येथे शालवृक्षांच्या जोडीमध्ये. राजा बिंबिसाराने संघाला दिलेले पहिले दान वेळुवनाचे होते. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन. वन हे दान देण्याजोगे, म्हणजेच जपण्याजोगे धन आहे, हा विचार यातून आपल्यापर्यंत आला.

विनयातील नियम तर आजच्या कोणत्याही पर्यटन-नियमावलीशी ताडून पाहावेत असे आहेत. भिक्खूने जिवंत वनस्पती तोडू नये, हिरव्या गवतावर किंवा पाण्यात थुंकू नये, घाण करू नये, असे तेथे सांगितले आहे. वर्षावासाची प्रथाही याच जाणिवेतून आली: पावसाळ्यात कोवळे गवत आणि सूक्ष्म जीव पायाखाली तुडवले जातात, म्हणून त्या काळात फिरणे थांबवावे. पुढे सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अनेक प्राण्यांना अभय दिले आणि विनाकारण वने जाळू नयेत अशी आज्ञा कोरली. आपण वनात जातो तेव्हा या परंपरेचे वारस म्हणून जातो, हे विद्यार्थ्यांना आधी सांगितले पाहिजे.

२. फिरण्याचा हक्क सहज मिळालेला नाही

या पाठाचा दुसरा भाग इतिहासाचा आहे आणि तो मराठवाड्याच्याच मातीत घडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात 1934 मधील एका सहलीची हकीकत दिली आहे. चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदात तोंड-हात धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून तेथे मोठा गोंधळ माजला. शेवटी आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, सोबत सशस्त्र शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती.

आज आपली मुले पाठीवर पाण्याची बाटली लावून त्याच रस्त्याने सहलीला जातात. वाटेतल्या कोणत्याही नळावर ती ओंजळ धरू शकतात. ज्यांच्या पूर्वजांसाठी रान म्हणजे केवळ मोळीची पायपीट होती, त्यांची मुले त्याच रानात वही-पेन घेऊन अभ्यासक म्हणून उभी राहतात. हा बदल घटनेने दिला आहे, आणि म्हणून सहल ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. विशेषतः मुलींच्या पालकांना आमची विनंती आहे की, संमतिपत्रावर सही करताना ही हकीकत आठवावी. मुलाला पाठवायचे आणि मुलीला घरी ठेवायचे, हा भेद वनातही करू नये आणि घरातही करू नये.

३. कोठे जावे : गौताळा आणि पितळखोरा

मराठवाड्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान ताडोबा हे 1955 सालचे; ते आणि नवेगाव, पेंच, गुगामल ही विदर्भात आहेत, तर संजय गांधी आणि चांदोली पश्चिमेकडे. परंतु आपल्या विभागात अभयारण्ये आहेत, आणि त्यांपैकी गौताळा औट्रम घाट अभयारण्य आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या जिल्ह्यांच्या सीमेवर, कन्नड-चाळीसगाव घाटाच्या परिसरात सुमारे 260 चौरस किलोमीटरवर ते पसरले असून 1986 मध्ये त्याची घोषणा झाली. घाटाचे नाव जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून पडले.

येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. अंजन, सालई, धावडा, खैर, पळस, तेंदू, आवळा ही झाडे मुलांनी पानांवरून, सालीवरून आणि फळांवरून ओळखण्याचा सराव करावा. हिवाळ्याच्या शेवटी पाने गळतात, ती झाड वाळले म्हणून नव्हे, तर उन्हाळ्यात पाण्याची बचत व्हावी म्हणून. ही एक गोष्ट उमगली तरी विज्ञानाचा एक धडा पूर्ण झाला. बिबट्या, अस्वल, लांडगा, नीलगाय, भेकर, वानर हे येथील रहिवासी. 2021 मध्ये येथे वाघाचीही नोंद झाली. त्याआधी टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ 2019 मध्ये बाहेर पडून, गळ्यातील रेडिओ कॉलरच्या नोंदींनुसार 3000 किलोमीटरहून अधिक भटकत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. शेते, रस्ते, कालवे ओलांडत हे प्राणी जातात. त्यामुळे ओढ्याकाठची झुडपे आणि बांधावरची झाडे हीच त्यांची वाट असते. आपल्या गावचा ओढा उघडा-बोडका करताना हा विचार मनात यावा.

याच अभयारण्यात, वेरूळपासून साधारण 40 किलोमीटरवर, पितळखोऱ्याची लेणी आहेत. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात त्यांचे कोरकाम सुरू झाले. म्हणजे वेरूळच्या लेण्यांहून ती कितीतरी जुनी. पठारावरून पायऱ्या उतरून घळीत जावे लागते; पावसाळ्यानंतर शेजारी धबधबा वाहतो. येथे चैत्यगृह आहे, विहार आहेत, हत्तींची रांग कोरलेला चौथरा आहे. नागाच्या पाच फण्यांमधून डोंगराचे पाणी वाहून जावे, अशी योजना कारागिरांनी केली होती. शिलालेखांत प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील मितदेव या गंधिक कुळातील दात्याचे आणि मगिल या राजवैद्याचे नाव येते. येथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे; ही मूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बावीसशे वर्षांपूर्वी हे लेणे राजाच्या एकट्याच्या खजिन्यातून नव्हे, तर वैद्य, व्यापारी आणि कारागीर यांच्या दानातून उभे राहिले. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना याहून मोठा आदर्श कोणता?

४. त्या वनाचा आणि परभणीचा संबंध

‘एवढ्या दूरच्या जंगलाशी आपला काय संबंध?’ असा प्रश्न पालक विचारतात. उत्तर नकाशात आहे. गौताळ्याचा डोंगर ही पाणलोटाची रेषा आहे. उत्तरेकडे पडलेला पाऊस गिरणेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेकडचे पाणी शिवना नदीतून गोदावरीत उतरते. पैठणला जायकवाडीच्या धरणात ते थांबते. तेथून डावा कालवा थेट आपल्या जिल्ह्याच्या शेतापर्यंत येतो, आणि नदीचे पात्र गंगाखेडवरून पुढे बंगालच्या उपसागराकडे जाते. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली माती धरणात गाळ होऊन येत नाही, आणि पालापाचोळ्याने मुरवलेले पाणी ओढ्यांना पावसाळ्यानंतरही जिवंत ठेवते. कन्नडच्या डोंगरावर तोडलेले झाड पाथरी-मानवतच्या शेतकऱ्याचेही नुकसान करते. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एकाच्या असण्यावर दुसऱ्याचे असणे अवलंबून आहे हा सिद्धांत, याहून सोप्या उदाहरणाने शिकवता येणार नाही.

५. वनात कसे वागावे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन आणि पर्यटन या कारणांसाठी ती मिळते. म्हणून शाळेने शिक्षण विभागाच्या मंजुरीसोबत वनपरिक्षेत्र कार्यालयाशीही आधी पत्रव्यवहार करावा. आग लावणे, शस्त्र नेणे, झाडाझुडपांची नासधूस करणे हे तेथे गुन्हे आहेत. यापुढील सूचना अनुभवी वाटाड्यांच्या सांगण्यावरून दिल्या आहेत:

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यास उत्तम. सहलीपूर्वी दोन-तीन रविवारी जिंतूरच्या डोंगरावर किंवा येलदरीच्या काठाने पाच-सहा किलोमीटर चालण्याचा सराव करावा.

• अंगभर सुती, मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे, पायांत बूट, प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, थोडा गूळ-शेंगदाणे, क्षारसंजीवनीची पुडी. भाकरी-चटणी उत्तम, प्लास्टिकचे वेष्टन नको.

• लेण्यांच्या छतांना आणि कड्यांना आग्या मोहोळ असते. अत्तर लावू नये, धूर करू नये, दगड मारू नये. माश्या उठल्याच तर हातवारे न करता चेहरा झाकून त्वरेने दूर जावे.

• नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ जीव घेतो. औषध म्हणजे केवळ प्रतिविष.

• पुढे एक शिक्षक, मागे एक शिक्षक, मध्ये दोघा-दोघांच्या जोड्या. प्रत्येक थांब्यावर मोजणी.

• लेण्यांच्या भिंतींना हात लावू नये. रंगवलेल्या भागांजवळ फ्लॅशचा वापर टाळावा. नाव कोरणे हा तर अपराधच.

• दिवसातून एकदा पंधरा मिनिटे सर्वांनी एकमेकांपासून थोड्या अंतरावर मौन बसावे. श्वासाकडे लक्ष द्यावे आणि नंतर ऐकू आलेल्या आवाजांची यादी वहीत लिहावी. वसतिगृहाच्या गजबजाटात वाढलेल्या मुलांना हा वेळ सर्वांत जास्त आठवतो.

६. परतल्यावर

सहल गावी परतल्यावर संपू नये. नागसेनवन या नावाने बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा परिसर छत्रपती संभाजीनगरात उभा राहिला. विद्येच्या जागेला ‘वन’ म्हणण्याची ही दृष्टी आपणही स्वीकारावी. विद्यार्थ्यांनी आणलेल्या टिपणांतून भित्तिपत्रक तयार करावे. शाळेच्या आवारात देशी रोपे लावावीत आणि प्रत्येक रोपामागे एका वर्गाची तीन उन्हाळ्यांची जबाबदारी निश्चित करावी, कारण रोप लावणे एका सकाळचे काम आहे, ते जगवणे वर्षांचे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गाच्या नावे एखाद्या गरीब मुला-मुलीच्या सहलीचा खर्च उचलावा. पितळखोऱ्याच्या दात्यांनी खडकावर नाव कोरले. आपले दान मुलांच्या डोळ्यांत उमटेल.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील ओढ्याचे पाणी कोणत्या नदीला आणि पुढे कोणत्या समुद्राला मिळते, ते नकाशात शोधा.

२. गावातील सर्वांत जुने झाड कोणते? त्याविषयी आजी-आजोबांकडून माहिती लिहून घ्या.

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: त्यांच्या लहानपणी कोणत्या पाणवठ्यावर, कोणत्या रानात जाण्यास त्यांना मनाई होती? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा.

४. विनयातील वनस्पतिविषयक नियम आणि अभयारण्यातील आजचे नियम यांची तुलना करा.

५. पालकांसाठी: आपण आपल्या मुलीसोबत शेवटचे कधी आणि कोठे पायी फिरायला गेला होता?