डबकं बुजवायच्या आधी

पावसाळा लागला की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. "सर, हे काय हाय जी, सॅलॅमँडर?" बहुतेक वेळा पाल असते, कधी सापसुरळी, आणि अलीकडे गेममधला गुलाबी अ‍ॅक्सोलॉटल. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला विज्ञान शिकवता शिकवता आणि थोडंसं वावर सांभाळता सांभाळता बेडूक आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल जे कळत गेलं, ते खाली लिहितो. आकडे टाकलेत ते सोयीसाठी. त्यात पहिला-दुसरा नंबर असं काही नाही.

१. सॅलॅमँडर आपल्याकडे नाही. भारतात शेपटीवाले उभयचर सापडतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. दार्जिलिंगकडे जोरपोखरीला, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, त्यांच्यासाठी राखलेलं एवढंसं अभयारण्य आहे. थंडी ओंडक्यांखाली, दगडांखाली काढायची आणि पाऊस आला की अंडी घालायला तळ्यात उतरायचं, असा तिथल्या न्यूटचा, म्हणजे एका सॅलॅमँडरचाच, वर्षाचा हिशेब. २०१५ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला बेडूक, भेक (टोड) आणि सह्याद्रीतलं बिनपायाचं देवगांडूळ. तेव्हा भिंतीवर शेपूट हलवणारं जे दिसतं, त्याची बोटं पाहा. न्यूटला नखं नसतात, अंगावर खवलेही नसतात. आजवर आलेल्या एकाही फोटोत न्यूट निघाला नाही, निघणारही नाही.

२. अ‍ॅक्सोलॉटल नेरात पाळू नये. मेक्सिकोच्या सोचिमिल्को भागातल्या कालव्यांचा हा प्राणी. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर आणि लाइटचा भरवसा नाही. तुटलेला पाय पुन्हा उगवतो म्हणून पोरांना त्याचं कौतुक. पण तापलेल्या पाण्यात पाय नाही, जीवच जातो. शिवाय त्याच्या देशादेशांतल्या खरेदी-विक्रीवर आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. हौसेसाठी एवढी उस्तवार कोणी सांगितली?

३. पायाचं कौतुक डबक्यातही पाहता येतं. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, सॅलॅमँडरच्या पिल्लाला आधी पुढचे. आणि त्याचे पिसांसारखे कल्ले बाहेर लोंबत राहतात. बेडकाचं लहान पिल्लूही तुटलेला पाय पुन्हा उगवू शकतं. शेपूट अंगात जिरून बेडूक झाला की ती विद्या गेली.

४. वखरताना बेडूक निघाला तर तो मेलेला नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत आणि त्याखालच्या ओलीत बेडूक दडून बसतात. जमिनीत शिरणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायाच्या तळव्याला कडक उंचवटा असतो. त्यानं माती उकरत तो मागे मागे सरकतो. आधी बूड गडप होतं, मग पोट, शेवटी डोळे. ढेकळावर उघडा पडलेला असा बेडूक उचलून धुऱ्याच्या सावलीत मोकळ्या मातीवर ठेवला की बस. त्याच्यावर बादलीभर पाणी ओतायची गरज नसते.

५. सगळ्यात जास्त जीव जातो तो डबकं बुजवल्यानं. आणि बुजवणारा माणूस वाईट नसतो. त्याला डासांची भीती असते, नाहीतर सोयाबीन पिवळं पडायची. पण मृगातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर नाल्याकाठच्या एका खोलगट जागेशी सकाळी उकिडवं बसून पाहा. भेकाची अंडी पारदर्शक दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी गवताला गुंडाळलेली असतात. काही छोट्या बेडकांची पिल्लं काचेसारखी. डोळे आणि आतडं तेवढं दिसतं. मोठ्या बेडकाचे नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात. त्यांची पिल्लं मात्र मांसाहारी, शेजारच्यांनाच खातात. झाडबेडूक तर पाण्यात अंडी घालतच नाही. हौदाच्या भिंतीवर, पाण्याच्या वर, मागच्या पायांनी घुसळून फेसाचा गोळा करतो आणि त्यात घालतो. फेस वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. हौद घासताना तो गोळा खराट्यानं काढू नका.

यांतल्या बहुतेकांना साधारण महिना-दीड महिना पाणी लागतं. तेवढं टिकणारी एक जागा धुऱ्याच्या कडेला सोडली तर पीक बुडत नाही. त्यात मासे मात्र सोडू नका. उन्हाळ्यात आटणारं डबकं माशांपासून मोकळं राहतं, हाच त्याचा मोठा गुण आहे.

६. बेडूक कातडीनं पाणी पितो आणि थोडा श्वासही घेतो. म्हणजे फवारलेलं सगळं त्याच्या अंगात थेट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार आणि मजूर दगावले, तेव्हा कुठं कातडीतून विष जातं हे गावोगाव बोललं गेलं. पंप नाल्यात धुऊ नये, उरलेलं औषध डबक्यात ओतू नये. हे बेडकासाठी नाही वाटलं तर त्याच नाल्यावर पाणी पिणाऱ्या बैलासाठी पाळा.

७. प्लास्टिकचं शेततळं हा बेडकाचा फास आहे. सरकारी योजनेतून शेततळी झाली, पाण्याची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण अस्तर घातलेला उतार गुळगुळीत असतो. भेक आत पडला की चढायला धडपडतो, थकतो, बुडतो. काठावर खुंटी ठोकून तिला बारदान्याच्या पट्ट्या बांधायच्या आणि पाण्यात लोंबत सोडायच्या. चारही बाजूंना एकेक पुरते. त्यावरून सरडे, खारीही वर येतात. बिनकठड्याच्या विहिरीत जाड दोर आणि बांबू.

८. उचलायचाच असेल तर हात ओला करून. साबण, तंबाखू, औषध लागलेला हात नको. भेकाला हात लावल्यानं चामखीळ येत नाही. त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींत विष असतं, म्हणून नंतर हात धुवा आणि कुत्र्याला त्याच्यापासून आवरा. एका तळ्यातला बेडूक दुसऱ्यात नेऊन सोडू नये. जगभर बेडकांच्या कितीतरी जाती एका बुरशीच्या रोगानं संपल्या, आणि ती बुरशी पाण्यातून, ओल्या अंगावरून पसरते.

९. धोंडी. पाऊस लांबला की मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि बेडूक बांधून पोरं दारोदार फिरतात, बायका वरून पाणी ओततात. घर येईपर्यंत ऊन, दोरीचा काच. बेडूक बहुधा टिकत नाही. प्रथा मोडा म्हटलं तर कोणी ऐकत नाही आणि मलाही ती मोडायची नाही. मी पोरांना मातीचा बेडूक करायला लावला. शेजारच्या आजीनं तो न्याहाळला आणि म्हणाली, "मास्तर, याच्यावर पाणी ओतलं तं हा इरघळन ना जी?" ओतलं, आणि विरघळला. पुढच्या वर्षी सुताराकडून लाकडाचा करून घेतला.