हापूसच्या बाजूने कोण बोलतं?

प्रश्न : पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. अमेरिकेशी व्यापार कराराची बातमी आली की दूध, मका, सोयाबीन यांवर वाद होतात. आंब्याचं नाव कुणी घेत नाही. तिकडच्या शेतकऱ्यांच्या लॉबीनेच आपला आंबा इतकी वर्षं अडवून ठेवला, असं आमच्याकडे बोलतात. हे खरं आहे का? आणि मग आपली लॉबी कुठे आहे?
– एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वाटतं तितकं सरळ नाही. अमेरिकेत आंबा पिकवणारे शेतकरी मूठभर आहेत, तेही मुख्यतः फ्लोरिडात. तिथल्या दुकानांत दिसणारा बहुतेक आंबा मेक्सिको, पेरू, इक्वाडोर, ब्राझीलमधून येतो. त्यामुळे हापूस आला तर आपली बाग बुडेल, अशी भीती घालणारा आंबेवाला तिथे फारसा नाहीच. १९८९ पासून जवळपास १८ वर्षं आपल्याला दार बंद होतं ते किडीच्या कारणाने. फळमाशी आणि कोयीत दडून बसणारा भुंगा, ही ती दोन नावं. फळमाशी संत्र्या-पीचच्या बागांत शिरली तर काय होतं, हे कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे. ही भीती खरी आहे. पण ती किती ताणायची आणि कधी सैल सोडायची, हे मात्र वाटाघाटीच्या टेबलावर ठरतं.

पुढे काय झालं ते पाहा. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले आणि भारतीय आंबा खायला आपण उत्सुक आहोत, असं म्हणाले. एप्रिल २००७ मध्ये दार उघडलं. आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रेचं विकिरण द्यायचं, म्हणजे कीड जिवंत राहिली तरी तिची वाढ किंवा प्रजोत्पादन थांबतं, ही अट होती. त्याच सुमारास भारताने मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींसाठी युरो-३ निकष मान्य केला आणि अमेरिकी हार्ले-डेव्हिडसनची वाट मोकळी झाली. कीड आदल्या वर्षीही तीच होती. बदलली ती दोन सरकारांची गरज. तेव्हा विकिरणाची सोय होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पात. रत्नागिरीहून निघालेली पेटी घाट चढून कांद्याच्या गावाला जायची आणि पुन्हा उतरून मुंबईच्या विमानतळावर. आपल्या बाजूने बोलणारा कुणी बागायतदार त्या टेबलावर असता, तर त्याने पहिला प्रश्न या फेऱ्याचाच काढला असता.

आता लॉबीबद्दल. आपल्याकडे शेतीची लॉबी नाही, हे मला पटत नाही. ती आहे आणि बळकट आहे, पण ती येणारा माल अडवणारी आहे. आंब्याचं दार उघडताना कमलनाथ वाणिज्यमंत्री होते. जुलै २००८ मध्ये जिनिव्हात तेच ठाम उभे राहिले. परदेशी शेतमाल एकदम ओतला गेला तर आयातशुल्क वाढवण्याची मुभा हवी, हा तिथला मुद्दा होता आणि त्यावर जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटी कोसळल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत जादा कर लादला, तेव्हा पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, असं सांगितलं. ही भूमिका मला योग्य वाटते. दुधावर कोट्यवधी घरं चालतात आणि ती घरं मत देतात.

हापूस मात्र किनारपट्टीच्या काही जिल्ह्यांचं पीक. त्यातला बहुतेक आंबा मुंबई-पुण्यातच खपतो. शिवाय पेटी भरणारे तुम्ही, ती वाशीच्या बाजारात विकणारा दलाल वेगळा आणि विमानात चढवणारा निर्यातदार आणखी वेगळा. तिघांची तक्रार तीन ठिकाणी जाते. दार बंद ठेवण्यासाठी एकत्र येणं सोपं असतं, दुसऱ्याचं दार उघडून घेण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात देशभर मोर्चे निघत होते, तेव्हा शरद जोशींनी खुल्या बाजाराची बाजू घेतली. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण शेतकऱ्याला बाहेरचा बाजारही हवा असतो, हे म्हणणारा शेतकरी नेता आपल्याकडे होता.

युरोपचा अनुभवही सांगायला हवा. २०१३ मध्ये भारतातल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली, म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय महासंघाने आपला आंबा बंद केला. ऐन हंगामात. तेव्हा ब्रिटनमध्ये सर्वांत मोठा आवाज उठवला तो लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी, कारण त्यांच्या मतदारसंघात आंबा विकणारे आणि खाणारे भरपूर. म्हणजे आपल्याला लॉबी मिळाली ती खाणाऱ्यांची! पण जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला तो आपल्या तपासणीत सुधारणा दिसली म्हणून.

म्हणून तुम्हा बागायतदारांच्या संघटनेने करसवलत मागण्यात शक्ती घालवू नये, असं मला वाटतं. अमेरिकेचं ताज्या आंब्यावरचं मूळ शुल्क किलोला ६.६ सेंट. खरा भार पडतो तो विमानभाडं, विकिरण आणि हंगामात इथे येऊन बसणाऱ्या अमेरिकी निरीक्षकांच्या खर्चाचा, जो आपल्याच बाजूने भरावा लागतो. मे २०२५ मध्ये १५ खेपा तिथल्या विमानतळांवर कागदपत्रांतल्या त्रुटीचं कारण देऊन नाकारल्या गेल्या. विकिरण झालेलं होतं, असं निर्यातदार सांगत होते. परत आणणं परवडेना, म्हणून तो आंबा तिथेच नष्ट केला गेला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलर. अशा वेळी कागदपत्रांतली चूक दुरुस्त करण्याची मुदत मिळावी आणि हे नियम ठरवताना बागायतदारांचा एक प्रतिनिधी हजर असावा, या दोन मागण्या अपेडा (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) आणि वाणिज्य मंत्रालयाकडे लेखी जायला हव्यात. त्याही मोहोर येण्याआधी. एकदा पेट्या भरायला लागल्या की पत्र लिहायला कुणाला सवड नसते.