थंडी अडवा, हवा अडवू नका

पावसाळा सरला की मालेगाव, धुळे, नाशिक भागात महिनाभरात रात्रीचा गारठा सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन तापते, पण पहाटे पारा पुष्कळदा १० अंशांखाली उतरतो. आपल्या अनेक कारागीर बांधवांचे घर व कारखाना एकाच छपराखाली असतात. खाली माग किंवा शिलाई, मागे माल आणि वर बिऱ्हाड. म्हणून हिवाळ्यापूर्वीची डागडुजी घराबरोबर धंद्याचीही असते. ती क्रमाने केल्यास खर्च वाचतो.

१) ओल : पावसात भिंतींत पाणी मुरलेले असते. भिंत वाळण्यापूर्वी रंग दिल्यास पोपडे निघतात व पैसा वाया जातो. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून पक्का बसवावा. २४ तासांनी कागदाच्या आतल्या बाजूस थेंब दिसले तर भिंत ओली आहे असे समजावे. आधी पन्हळ, नळ, गच्चीची भेग तपासून ओलीचे मूळ बंद करावे, रंग नंतर. चुना द्यायचा असल्यास १ किलो कळीच्या चुन्यास सुमारे ५ लिटर पाणी घेऊन तो एक दिवस मुरू द्यावा. मग गाळून त्यात डिंक मिसळावा. हा चुना पाण्यात पडताच उकळतो, तेव्हा डोळे सांभाळावेत.

२) पत्रा : रात्री पत्रा लवकर थंड होतो. आतील दमट हवेचे त्यावर पाणी होते आणि पहाटे ते मालावर ठिबकते. गळती समजून वरून डांबर लावल्याने हे थांबत नाही. पत्र्याखाली थोडी जागा सोडून छत घालावे व उंचावर झरोका ठेवावा. कापड, चामडे, पुठ्ठा जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर रचावा.

३) फटी : चौकटीभोवतीची फट गिलाव्याने, काचेची लुकणाने बुजवावी. दाराखाली रबरी पट्टी लावावी. पावसाने फुगलेले दार मात्र घाईने रंधू नये. लाकूड वाळून आकसले की तेथे नवी फट पडते.

४) विस्तव : खरा धोका येथे आहे. फटी बुजवून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साईड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट अधिक ओढीने धरून ठेवते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. झोपलेल्या माणसाला मात्र काहीच कळत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. पहाटे कामास बसणाऱ्या मुलांनी कारखान्याचे दार लावून शेगडी पेटवणे हाही तोच प्रकार आहे. शेगडी उघड्यावर शेकावी आणि झोपण्याच्या खोलीत मुळीच नेऊ नये. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. कोणास त्रास जाणवल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व दवाखान्यात न्यावे.

५) वीज : १५०० वॅटची पाणी तापवण्याची सळई २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते. दिव्या-पंख्याचे ६ अँपिअरचे सॉकेट त्यासाठी नसते. १६ अँपिअरचे सॉकेट, जाड तार आणि अर्थिंग हवेच. सूत किंवा कापडाच्या गठ्ठ्याजवळ हीटर ठेवू नये.

शेवटी मालकांनी एक गोष्ट करावी. सर्व फटी बुजवल्यावर प्रत्येक खोलीत छताजवळ हवेची एक वाट उघडी आहे का, हे स्वतः पाहावे. झरोक्यातून थोडा गारठा आत येईल. त्यावर एक जादा गोधडी पुरते, पण गुदमरलेल्या माणसावर उपाय सापडेलच असे नाही.