रॅकचा खांब बघून घ्या

मुंबईहून नाशिकला जाताना वाटेत भिवंडी लागते. त्या बाजूला मोठमोठी गोदामे आहेत. गावाकडची पुष्कळ तरुण माणसे तिथे कामाला जातात. कोणी माल उचलतो, कोणी फोर्कलिफ्ट चालवतो, कोणी नोंद ठेवतो. तुमच्या घरचे कोणी गेले असेल, नाहीतर उद्या तुम्ही स्वतः जाल. म्हणून हा पाठ आम्ही घेतला आहे.

गोदामात पोत्यांची थप्पी लावतात, हे तुम्हाला माहीत आहे. मोठ्या गोदामात थप्पीऐवजी उंच लोखंडी मांडणी असते. तिला रॅक म्हणतात. त्यात उभे खांब असतात. खांबांना आडव्या दांड्या अडकवलेल्या असतात. दांड्यांवर लाकडी पाट ठेवतात, त्याला पॅलेट म्हणायचे. पॅलेटवर माल. असे चार-पाच थर एकावर एक चढतात. बघायला मान वर करावी लागते!

खांब दिसतो भक्कम, पण तो भरीव नसतो. पातळ पत्रा दुमडून तो केलेला असतो. हे कसे ते घरी करून बघा. ज्वारीचा वाळका धांडा घ्या. जमिनीवर उभा धरा आणि वरून तळहाताने दाबा. धांडा बराच जोर सहन करील. आता मधेच नखाने दाबून त्याला चेप पाडा आणि पुन्हा दाबा. तिथेच मोडला की नाही? रॅकच्या खांबाचे असेच आहे. सरळ आहे तोवर तो हजारो किलो पेलतो. फोर्कलिफ्टचा धक्का लागून पोचा पडला, की त्याची ताकद जाते. वरचा माल मात्र तेवढाच राहतो.

आणि एक खांब गेला म्हणजे एकच जात नाही. दांड्यांनी सगळी रांग एकमेकांत गुंतलेली असते. पडणारा शेजारच्याला ओढतो. २०१६ साली इंग्लंडात श्रॉपशायर भागातल्या एका गोदामात असेच रॅक कोसळले. त्यावर चीजचा, म्हणजे दुधापासून केलेल्या एका पदार्थाचा, साठा होता. फोर्कलिफ्टचा चालक त्या ढिगाऱ्याखाली कित्येक तास अडकला. तो जिवंत निघाला, हे त्याचे नशीब.

मग बघायचे काय? आधी खाली बघा. धक्के बहुतेक करून खालीच बसतात. खांबाच्या बुडाशी लोखंडी पत्ती असते, ती बोल्टने जमिनीला जखडलेली असते. बोल्ट ढिला आहे का, गायब आहे का, ते बघा. मग दांडीची दोन्ही टोके बघा. दांडी खांबाच्या भोकांत अडकवलेली असते, आणि ती वर उचकटू नये म्हणून तिथे एक छोटी पिन असते. पिन बोटाएवढी, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. पण ती नसली आणि फोर्कलिफ्टने खालून दांडी उचलली, तर दांडी सुटून मालासकट खाली येते. दांडीचा मधला भाग वजनाने थोडा झुकतो. दोन मीटरच्या दांडीला एक सेंटीमीटरपर्यंत झोक चालतो. माल काढल्यावर ती पुन्हा सरळ झाली पाहिजे.

खांबाचा वाक मोजायची रीत सोपी आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी खांबाला लावा. पट्टी आणि खांब यांच्यात किती फट राहते ते मोजा. मुलांच्या शाळेच्या पट्टीवर सेंटीमीटरचे दहा बारीक भाग असतात, एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. रॅककडे तोंड करून उभे राहा. खांब डाव्या-उजव्या अंगाला वाकला असेल तर ५ मिलिमीटरपर्यंत चालते. पुढे-मागे वाकला असेल तर फक्त ३. दोन खांबांना सांधणाऱ्या तिरप्या पट्ट्यांना १० पर्यंत. ही मापे युरोपातल्या देशांनी २००८ साली नियम करून ठरवली. माप ओलांडले, तर आहे तो माल निघाल्यावर दुरुस्ती होईपर्यंत तिथे नवा माल ठेवू नये. मापाच्या दुपटीहून जास्त वाक असेल, तर तो भाग ताबडतोब रिकामा करावा. वाकलेला खांब हातोड्याने ठोकून सरळ करू नये. दिसायला सरळ होतो, पण ताकद परत येत नाही. तो बदलावाच लागतो.

त्याच नियमाप्रमाणे आठवड्याला एकदा गोदामातल्या माणसाने फिरून बघावे, आणि वर्षातून एकदा जाणकाराने. पण खरी अडचण निराळीच आहे. धक्का लागतो रात्रपाळीला. चालक घाबरतो, पगार कापतील म्हणून गप्प बसतो. सकाळी दुसऱ्या पाळीची माणसे त्याच रॅकखाली काम करतात. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? आम्हाला वाटते, यात एकट्या चालकाचा दोष नाही. सांगणाऱ्याचे पैसे कापणारा मुकादम स्वतःच संकट ओढवून घेतो. जो सांगेल त्याला शाबासकी दिली, तर सगळे सांगतील.

आता पाटीकडे वळू. रॅकच्या रांगेच्या टोकाला एक पाटी असावी लागते. तीवर लिहिलेले असते, 'एका थरावर २००० किलो'. तुम्हाला आता ती वाचता येते. समजा, एका पॅलेटवर ५० किलोची २० पोती रचली. झाले १००० किलो. एका थरावर अशी दोन पॅलेट बसतात, म्हणजे २००० किलो. बरोबर वाटते ना? पण रिकाम्या पॅलेटचेही वजन असते. ते २५ किलो धरले तर दोन्ही मिळून २०५० किलो झाले. पाटीपेक्षा ५० जास्त. दोन्ही पॅलेटवरचे एक-एक पोते कमी करा, म्हणजे १९५० होईल.

सगळ्यात खालची दांडी कोणी वर सरकवली असेल, तर जुन्या पाटीवर भरवसा ठेवू नका. आखूड धांड्यापेक्षा लांब धांडा लवकर वाकतो, तसेच इथे होते. जाणकाराकडून नवी पाटी करून घ्यावी लागते.

हिशेब करा : पाटीवर लिहिले आहे, 'एका थरावर १५०० किलो'. थरावर दोन पॅलेट बसतात. रिकामे पॅलेट २५ किलोचे, पोते ५० किलोचे. एका पॅलेटवर १५ पोती रचली तर चालेल का? १४ रचली तर?